तुमच्या पुढे कोण होतं?

नीलमला अकोल्याला पाठवलं ते लोकांना शिकवायला. अनुप सरांचे शब्दच तसे होते. "त्या लोकांना फोन वापरता येत नाही, नीलम. तू जा, नीट समजावून सांग आणि संध्याकाळपर्यंत परत ये." हे सांगताना सर स्वतःच्या फोनवर तिसऱ्याच कोणाला तरी टाइप करत होते. ज्याला समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या फोन वापरण्याला नावं ठेवावी, याची नीलमला चीड आली. पण चीड येऊन काय करता? खंडेनवमीच्या सकाळी ती लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन मूर्तिजापूरमार्गे जाणाऱ्या अकोला एसटीत बसली.

अनुप सरांची कंपनी म्हणजे अमरावतीत राजकमल चौकाजवळ एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या डोक्यावर घेतलेल्या दोन खोल्या. सर पुण्यात काही वर्षं काढून आले होते, त्यामुळे बोलणं पुण्याचं आणि पगार अमरावतीचा, असा सगळा कारभार. तरी कामं येत. अकोल्याच्या फुलोरा मंडईचं काम असंच आलं. ही मंडई एका खाजगी संस्थेची. पत्र्याची मोठी शेड, खाली सिमेंटचे ओटे, वर पंखे, कोपऱ्यात नळ. ओटे थोडे आणि फुलं आणणारे पुष्कळ. ज्याला ओटा मिळाला त्याची फुलं सावलीत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. ज्याला नाही मिळाला तो बाहेरच्या पटांगणात, अकोल्याच्या उन्हात, ओटा मोकळा होऊन नंबर येईपर्यंत. आणि अकोल्याचं ऊन आश्विनातही कोणाची भीडभाड ठेवत नाही. दुपारपर्यंत झेंडूची मान पडते. मग ती फुलं विकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या विनवण्या करणं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर वर्षभराची मेहनत त्या एका ओट्यावर येऊन टेकलेली असते.

हा ओट्याचा नंबर आता फोनवर आला होता. गेटवरचा क्यूआर कोड फोनने टिपायचा, मोबाइल नंबर टाकायचा, की पडद्यावर आपला रांगेतला आकडा. पुढचा एक ओट्यावर गेला की पटांगणातल्या सगळ्यांचा आकडा एकाच वेळी खाली येणार. हे सगळं नीलमने लिहिलं होतं. प्रत्येक फोन आणि सर्व्हर यांच्यात एक लाइन सतत चालू राहते, सॉकेट म्हणतात तिला. कॉल लावून ठेवावा आणि बंदच करू नये, तसं ते. सर्व्हरला काही सांगायचं झालं की तो या लाइनवरून सगळ्यांना एकदम सांगतो.

घोळ झाला तो पहिल्याच बैठकीत. मंडईचे मॅनेजर उत्तमराव टेबलावर थाप मारून म्हणाले होते, "आमचा कायदा एकच. जो उठून गेला त्याचा नंबर गेला!" अनुप सरांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी तिथेच ठरवून टाकलं: लाइन तुटली म्हणजे माणूस उठून गेला, नंबर कट. नीलम म्हणाली होती, "सर, लाइन तुटणं आणि माणूस उठून जाणं एक नाही. फोनचा पडदा विझला तरी लाइन तुटते. रांग सर्व्हरच्या मेमरीत नको ठेवायला. डेटाबेसमध्ये ठेवू, मोबाइल नंबराला बांधू. लाइन तुटून परत आली की माणसाला त्याची जागा परत मिळेल." तिने तसा प्रोग्राम लिहूनही ठेवला होता. सर म्हणाले, "कशाला वाढवतेस? मेमरीत फास्ट चालतं." मग ऑफिसच्या वायफायवर, टेबलावर तीन फोन ठेवून उत्तमरावांना खेळ दाखवला गेला. तीनही फोन शहाण्यासारखे वागले. उत्तमराव खूश झाले, पेढे आले, आणि नीलमचा कोड बाजूला पडला तो पडलाच.

मंडईत पोचली तेव्हा पटांगण झेंडूने पिवळं-केशरी झालं होतं आणि माणसं तापली होती. गेटजवळच एक बाई गाठोड्यांच्या मधोमध उकिडवी बसली होती. शकुन तिचं नाव, अकोटकडची, घरचीच फुलं. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने बादलीतलं पाणी घेऊन फुलांवर शिंपडणं चाललेलं. नीलम शेजारी बसली आणि शिकवायला आल्यासारखं, गोड आवाजात म्हणाली, "काकू, फोन ओल्या हातानं नका धरू. आणि पडदा बंद होऊ देऊ नका. मधूनमधून बोट लावत राहा."

शकुनने तिच्याकडे पाहिलं. "बोट लावू का पानी मारू? दोन हात हायेत मले."

"तसं नाही काकू—"

"पाह्य, तुले दाखवतो." तिने फोन गाठोड्यावर ठेवला आणि ओंजळीने पाणी शिंपडू लागली. पडदा विझला. तिने पदराला हात पुसून तो पुन्हा लावला आणि नीलमच्या नाकासमोर धरला. "मंघा सातवा होता. आता वाच, किती हाये थे."

बासष्ट होता.

"सकाऊनपासून असंच करून राहिला हा. मी अठीच हाओ. गेटाभाईर पाय ठेवला नाई, पानी प्यायले नाई गेली. अन् हा म्हनते, तू गेली होती. काहून म्हनते?"

नीलमला उत्तर माहीत होतं, तेच वाईट होतं. ती पटांगणभर फिरली. सगळीकडे तोच प्रकार. ज्याने फोन खिशात घातला त्याचा नंबर गेला. ज्याला घरून फोन आला त्याचा गेला. पंजाबराव नावाचे एक वयस्क शेवंतीवाले गाडीच्या सावलीला सरकले, तिथे रेंज नव्हती, त्यांचाही गेला. जुन्या रांगेत कोणी टोपलं ठेवून चहाला गेला तर ते टोपलंच त्याची जागा धरायचं, आणि कोणाची ते सरकवायची छाती नव्हती. इथे जिवंत माणूस जागेवर बसलेला असून त्याची जागा पुसली जात होती, आणि ही पुसायची बुद्धी त्या यंत्राला तिच्याच हाताने दिलेली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती तडक ऑफिसात गेली. उत्तमरावांच्या टेबलावर मोठा पडदा, त्यावर रांग. खंडेनवमी म्हणून कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलेलं, झेंडूचा जाड हार घातलेला. भिंतीशी बाकावर मात्र वेगळाच देखावा. सहा-सात फोन चार्जरला लावून ओळीने मांडलेले, सगळ्यांचे पडदे सताड उघडे, आणि समोर महादेवराव नावाचे दलाल पाय लांब करून बसलेले. ऑफिसचं वायफाय, त्यामुळे एकाही फोनची लाइन तुटत नव्हती. फोन रांगेत उभे होते आणि त्यांचे मालक घरी जेवत असतील. पहिले सगळे आकडे या बाकावर होते.

"साहेब, ही रांग खोटी आहे," नीलम म्हणाली. "बाहेरच्या लोकांचे नंबर चुकीने जाताहेत."

"कोन म्हनते?"

"मी म्हणते. मीच लिहिलाय हा प्रोग्राम."

"तुमी लिवला ना? मंग चांगलाच अशीन." उत्तमराव हसले. "हे पाहा ताई, पयले लोक मले शिव्या द्यायचे. आता म्या म्हनतो, स्क्रीन पाहा. स्क्रीन कोनाची सगी नाई अन् कोनाची सावत्र नाई. जे स्क्रीनवर हाये थेच खरं."

आपल्या खुर्चीची जबाबदारी एका पडद्याच्या गळ्यात बांधून, वर त्यालाच हार घालून हा माणूस मोकळा झाला होता. नीलमने दारातूनच अनुप सरांना फोन लावला आणि जे पाहिलं ते एका दमात सांगितलं.

"हँग झालं असेल," सर म्हणाले. "थांब, मी इथून रीस्टार्ट मारतो."

"नको सर! रांग मेमरीत आहे, रीस्टार्ट केलं तर सगळीच—"

सरांनी फोन ठेवला होता. ऐकून घेण्याची सवय नसलेल्या माणसाचा हात बटणावर फार लवकर जातो.

क्षणभर मोठा पडदा कोरा झाला. मग आकडे पुन्हा उगवले: एक, दोन, तीन, चार. सगळे बाकावरचे. वायफायवर असल्यामुळे तेच आधी जोडले गेले होते. बाहेर पटांगणात प्रत्येक जण आपापल्या फोनकडे बघत होता, आणि मग एकदमच आरडाओरडा सुरू झाला. कोणी ऑफिसच्या दारावर हात आपटले. पंजाबरावांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर मारली. उत्तमराव खुर्चीतून न उठता ओरडले, "स्क्रीन पाहा, स्क्रीन! माह्याकडे नोका पाहू!"

नीलम बाहेर आली. या लोकांच्या पहाटेपासूनच्या बसण्याची नोंद जगात कुठेच उरलेली नव्हती. सर्व्हरला विचारून उपयोग नाही, तो नुकताच जन्मला होता. बाजूला पडलेला तिचा कोड आता चढवायचा म्हटलं, तरी त्यात भरायला रांग हवी. ती आणायची कुठून?

तेवढ्यात गेटमधून टोपली घेऊन एक माणूस आत आला आणि कोड टिपण्याआधी, सवयीनेच, त्याने विचारलं, "शेवटी कोन हाये बावा?" कोणीतरी हात वर केला. त्याने मान डोलावली, त्या माणसाचा चेहरा पाहून घेतला आणि त्याच्या मागे टेकला.

नीलमने कपाळावर हात मारला. अमरावतीत त्यांच्या वस्तीतल्या नळावर तिची आई हेच करायची. केव्हाही जा, आधी विचारायचं शेवटी कोण, मग त्या एका माणसाला ओळखून ठेवायचं. पूर्ण रांग कोणालाच माहीत नसते. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा माहीत असतो, आणि तेवढं पुरतं.

ती गेटजवळच्या कठड्यावर चढली. ओरडायची सवय नव्हती, पण त्या दिवशी आवाज निघाला. "सगळ्यांनी ऐका! फोन राहू द्या! मला एवढंच सांगा, सकाळी आलात तेव्हा तुमच्या पुढे कोण होतं?"

आधी गलका झाला. मग पंजाबराव पुढे आले. "माह्यापुढे हा निळ्या शर्टवाला." निळा शर्ट म्हणाला, "माह्यापुढे दहीहांडा गावचे भाऊ होते." माया नावाची शेवंतीवाली हात वर करून म्हणाली, "माह्यापुढे शकुनकाकू." नीलम कठड्यावरच मांडी घालून बसली आणि लॅपटॉपवर एकेकाला त्याच्या पुढच्याशी जोडत गेली. दोघांत वाद झाला तर तिसरा तोडायचा, कारण तो त्यांच्या मागे बसला होता. एकाने जरा पुढे घुसायचा प्रयत्न केला, तर चौघांनी त्याला हसून मागे पाठवलं. इतका वेळ उत्तमरावांनी यातल्या एकाही माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता.

महादेवरावही आले. "आमचे फोन धरा ना ताई. आमी पयले होतो."

"धरते ना. तुमच्या पुढे कोण होतं?"

महादेवरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "पुढं... कोनी नाई."

"बरं. मग तुमच्या मागे कोण होतं?" नीलमने पटांगणाला विचारलं, "महादेवरावांच्या मागे कोणी बसलं होतं का?"

एकही हात वर झाला नाही. माया म्हणाली, "त्यायले तं म्या आताच पायलं, ऑफिसातून निंगताना." लोक हसले, आणि त्या हसण्यात बराच राग होता. महादेवरावांचे फोन शेवटी गेले.

सगळ्यात पुढे शकुन निघाली. माया तिच्या मागे होती, आणि आपण तिच्या पुढे होतो म्हणणारं कोणी नव्हतं. ती पहिल्या एसटीने आली होती. नीलमने नवा कोड चढवला, रांग त्यात भरली, प्रत्येकाची जागा त्याच्या मोबाइल नंबराला बांधली. मग पंजाबरावांना मुद्दाम फोन बंद करून चालू करायला लावला. नंबर होता तोच राहिला. त्यांनी तीनदा करून पाहिलं आणि टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

पण या सगळ्यात दुपार झाली होती.

ऑफिसातून उत्तमराव पडद्याकडे बघत बाहेर आले. तोंडावर आता सगळा गोडवा. "या शकुनबाई, या! पयला नंबर तुमचा! स्क्रीनवर आला ना बापा!" सकाळपासून जी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर बसली होती, ती त्यांना आता दिसली.

शकुनने गाठोडं सोडलं. वरचा थर बरा होता, खालची फुलं काळवंडून चिकटली होती. तिने मूठभर उचलून दाबून पाहिली, आणि गाठोडं पुन्हा बांधलं. मग ते डोक्यावर घेऊन ती ओट्याकडे न वळता सरळ ऑफिसात शिरली. उत्तमराव "ओ बाई, ओटा तिकडं" म्हणेपर्यंत तिने गाठ सोडली आणि सगळी फुलं त्या हार घातलेल्या कॉम्प्युटरवर, टेबलावर, खुर्चीत ओतली. ओल्या फुलांचा ढीग पडद्याच्या अर्ध्यापर्यंत आला.

"घ्या," ती म्हणाली. "मानसाचं तुमी आइकत नाई, याचं आइकता. मंग यालेच वाहा."

शकुनने रिकामं कापड झटकलं, घडी करून काखेत मारलं आणि ती गेटबाहेर चालती झाली. बाकीची गाठोडी तशीच पटांगणात राहिली.

मोकळा झालेला ओटा तिच्यावाचून रिकामाच होता. उत्तमराव बाहेर येऊन नीलमला म्हणाले, "नाव काढा तिचं. दुसरे लोक थांबून हायेत." नीलमला त्यांच्या तोंडावर नाही म्हणायचं होतं. दिवसभर तो ओटा रिकामा ठेवावा, पंख्याखाली, सगळ्यांना दिसावा, असं तिला मनापासून वाटलं. पण मायाची शेवंती उन्हात होती आणि माया ओट्याकडे बघत होती. नीलमने स्वतःच्या बोटाने शकुनचं नाव काढलं. माया लगबगीने टोपल्या उचलू लागली.

मग नीलम लॅपटॉप तसाच उघडा कठड्यावर टाकून पळत सुटली.

शकुन रस्त्याच्या कडेला अकोटच्या गाडीची वाट बघत उभी होती. धापा टाकत नीलम समोर येऊन उभी राहिली. "काकू, चूक तुमची नव्हती. फोनचीही नव्हती. प्रोग्राम माझा होता. मला माहीत होतं हे असं होणार. मी सरांना सांगितलं होतं, बैठकीत, सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही."

शकुनने तिला नीट न्याहाळलं. रागावलेली दिसत नव्हती, नुसती थकलेली.

"किती डाव सांगलं?"

"एकदा," ती म्हणाली.

"एक डाव." शकुनने मान हलवली. "म्या सकाऊनपासून त्या उत्तमरावच्या दारात पाच डाव गेली, पोरी. अन् मले तं हे कसं चालते थे मालूमच नोतं."

अकोटची गाडी आली. शकुनने कापडाची घडी छातीशी धरली आणि ती गर्दीतून आत चढली. खिडकीपाशी जागा मिळाली, पण तिने बाहेर पाहिलं नाही. नीलमचा फोन वाजत होता, पडद्यावर अनुप सरांचं नाव होतं. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिने तो उचलला नाही. मग उचलला, आणि सर काही बोलायच्या आत ती बोलायला लागली, रस्त्यावरचे लोक वळून बघतील एवढ्या आवाजात.